पायाळूशी राहिलेलं भांडण

सिधू, सोमवारी माझ्या पाठीचं ऑपरेशन ठरलंय, आणि या वेळी अडवायला तू नाहीस. संभाजीनगरच्या दवाखान्यातली तारीख घेऊन झालीये. तुझे भाऊजी म्हणजे लग्नाला निघतानासुद्धा ऐन वेळी इस्त्री शोधणारा माणूस, पण या वेळी बॅग आधीच भरून दाराशी ठेवलीये. टॉवेल, स्टीलचा पेला, माझी रबरी चप्पल, सगळं आत. घाबरलेला माणूस तयारीला लागतो. मी भिंतीला पाठ टेकून, गुडघ्याखाली उशी घेऊन हे लिहायला बसलेय आणि थोड्या थोड्या वेळानं उठून उभी राहतेय. तू गेल्यापासून मला धड बसवत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनालाही मी मागे उभीच होते. लोक बोलत होते. एकानं तुला हसतमुख म्हटलं. तू आणि हसतमुख? सकाळचा चहा होईपर्यंत तुझ्याशी बोलायची आपल्या घरात कुणाची छाती नव्हती. दुसरे म्हणाले, डॉक्टरांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी तिथंच हात वर करणार होते. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं असतं हे मला कळतं, पण आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि अर्ध्या भांडणात गोड बोलायला मला जमत नाही.

तू पायाकडून जन्मलास. त्यात आईचे किती हाल झाले ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, पण मास्तरांच्या घरी पायाळू पोरगा झालाय, हे सगळ्या तीर्थपुरीत पसरलं. पायाळूचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, ही आपल्याकडची जुनी समजूत. तू धड चालायला लागलास आणि आपल्या दारात वाकलेली माणसं यायला लागली. ज्या घरांमधून आपल्या आजीला पाणी वरून ओंजळीत मिळायचं, त्या घरातले बडे लोक आपल्या अंगणात पालथे पडायचे आणि तू, नाक गळणारं पोर, त्यांच्या कमरेवर पाय द्यायचास. आईनं त्याला शिस्त लावली होती. पालथं पडायचं, बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, पोरगं ‘उठा’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. ही शिस्त कुठल्या रिवाजात नव्हती, तिची स्वतःची होती. मला वाटतं, तिला ते दृश्य जरा जास्त वेळ बघायचं असायचं.

बाबांना हे बिलकुल पटायचं नाही. आपण सगळे देव गोदावरीत सोडून आलो आणि तू घरातल्या घरात नवा देव करून राह्यलीस, असं ते आईला म्हणायचे. आई म्हणायची, देव कुठं केला, पाय तर लावतोय. तुला मात्र त्या पायाची लाज वाटायची. तू फिजिओथेरपी शिकलास तेव्हा बाबांना वाटलं, चला, एकदाचं सुटलं. नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानावर तू दवाखाना टाकलास, तर पहिल्याच आठवड्यात घनसावंगीकडचा कुणी जिना चढून आला आणि म्हणाला, डॉक्टरसाहेब, ते करंट-बिरंट राहू द्या, तुमचा पाय लावा. त्या दिवशी तू इतका चिडलास की जेवला नाहीस. मी मात्र पोट धरून हसले होते.

मला हसू आलं, कारण तेव्हा माझी पाठ दुखत नव्हती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आई लकव्यानं पडली ती माझ्या घरी. तिची डावी बाजू गेली होती आणि बाई वजनानं कमी नव्हती. सकाळी शाळेत जायच्या आधी तिला उचलायचं, धुवायचं, पालटायचं. शाळेतून आलं की परत तेच. एका सकाळी तिला खाटेवरून खुर्चीत घेताना माझ्या कमरेत अशी कळ गेली की मी तिला धरलेल्या हातांसकट तशीच थिजले. आम्ही दोघी एकमेकींना धरून होतो आणि ती मला विचारत होती, काय झालं गं. आई पुढं गेली. कळ गेली नाही. मोठा फोटो काढला, त्यात चकती सरकलेली दिसली, आणि त्या दिवसापासून मी काचेच्या भांड्यासारखी वागायला लागले. वाकायचं नाही, उचलायचं नाही, खाली बसायचं नाही. पहिलीच्या वर्गाला शिकवणारी बाई खुर्चीवरून उठेना. मुलंच माझी पिशवी उचलायची.

मग एक दिवस परिपाठाच्या वेळी मी उभ्या उभ्या खाली बसले ते मला उठताच येईना. तू जालन्याहून आलास. मी शाळेच्या फरशीवर पालथी होते. मी, जी तुला हसले होते, मी तुला म्हणाले, सिधू, एकदा पाय लाव. माझ्या आवाजात केवढी अजिजी होती ते मला आजही ऐकू येतं. तू माझ्या डोक्याशी बसलास आणि पाय लावला नाहीस.

“अक्का, तुला पाय लावला तर तू बरं व्हायची वाट बघत पडून राहशील. मला तुला उठवायचंय.”

त्याचा मला राग आला. पुढे तू जे विचारलंस त्याचा त्याहून आला. आधी तुझे ठरलेले चार प्रश्न: पाय लुळा पडतोय का, बसायची जागा बधिर झालीये का, लघवीवरचा ताबा जातोय का, ताप येतोय किंवा वजन उतरतंय का. सगळ्यांना नाही म्हटलं. मग तू विचारलंस, दुखणं सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं? मला वाटलं, झालं, आता हा पण म्हणणार की बाईच्या मनाचे खेळ आहेत. मी म्हणाले, म्हणजे माझं दुखणं खोटं? तू म्हणालास, खोटं दुखणं नसतंच, दुखतं तेव्हा ते खरंच दुखतं. मग ते कुत्र्याचं सांगितलंस, जे तू सगळ्या पेशंटांना सांगायचास. घरात एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं पान हललं तरी भुंकतं. कुत्रं खोटं नसतं, त्याचे कान तिखट झालेले असतात. पाठीची इजा केव्हाची भरून आलेली असते, पण मेंदू आणि मज्जारज्जू पहारा सोडत नाहीत. झोप नाही, काळजी आहे, मनात राग आहे, हालचाल बंद आहे, मग तो पहारा आणखी कडक होतो. फोटोतल्या चकत्या तर न दुखणाऱ्या माणसांच्याही सरकलेल्या असतात, म्हणालास.

ऐकायला बरं वाटलं. पण तुझा प्रश्न माझ्या घशात अडकून होता, आणि मी तो तसाच तुझ्या तोंडावर परत फेकला. “घरात काय चाललं होतं, ते तुला माहीत न्हाई? आईला उचलून राह्यले होते मी. तू रविवारी येऊन संत्री ठेवून जात होतास.”

माणसांच्या पाठी उचलणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या आईला त्याच्या बहिणीनं एकटीनं उचललं. दवाखाना नवा होता, जिना चढून पेशंट यायला लागले होते, हे सगळं मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. पुढं एकदा तू म्हणालास, अक्का, माझ्यावर चिडलीयेस ते तोंडानं बोल, पाठीनं नको बोलू. मी म्हणाले, पाठ माझी आहे, ती काही भाषणाचं स्टेज नाही. तेव्हा तू मान्य केलंस की जास्त बोललास. राग हे एक लाकूड आहे, अख्खी चूल नाही, असं काहीतरी म्हणालास. तुझी माफी कायम अशी सिद्धांताच्या आडून यायची, सरळ दारातून कधी आलीच नाही.

तरी तू मला उठवलंस, हे मान्य. आधी अंगणातून फाटकापर्यंत, मग बसस्टँडपर्यंत. दुखलं की मी फोन करायची आणि तू विचारायचास, जुनंच दुखणं आहे की नवं? जुनं असेल तर चाल. नवं असेल तर दाखव, उशीर नको. एवढाच नियम. वर्षभरानं मी वर्गात फरशीवर बसून खडूनं हत्ती काढला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. हत्तीला नाही, मी खाली बसले म्हणून. मी तुला ते सांगितलं तर तू फक्त ‘बरं’ म्हणालास. तुझ्या बायकोनं, रेखानं, नंतर सांगितलं, त्या दिवशी तू सगळ्यांसाठी जिलेबी आणली होतीस.

आपलं दुसरं भांडण पायाचं. मधल्या काळात तू परत पाय लावायला लागलास. सगळ्यांना नाही, गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना, आणि तेही नीट तपासून, चार प्रश्न विचारून झाल्यावर. मी म्हणाले, मला लावला नाहीस आणि त्यांना लावतोस? बाबा असते तर? तू म्हणालास, उसण काही दिवसांत आपली आपणच जाते, पायानं काही होत नाही हे मला ठाऊक आहे. पण पाय लागला की तो माणूस धास्ती सोडतो आणि मग मी चाल म्हटलं तर चालतो. मी म्हणाले, ही फसवणूक आहे. तू म्हणालास, शिडी आहे. त्यावर आपलं कधीच मिटलं नाही, आणि आता तर त्या पायाचं नाव काढलं की माझ्या अंगावर काटा येतो.

कारण तू गेलास तो पाय लावायच्या तयारीत.

पडदा ओढलेला होता. बाहेर बसणाऱ्या मुलीला सक्त ताकीद होती की पडदा असला की आत यायचं नाही. टेबलावर तुझे शेवटचे पेशंट पालथे होते, अंतरवाली सराटीकडचे रंगनाथकाका. तू त्यांच्या मागं होतास. मुलीला बऱ्याच वेळानं शंका आली तेव्हा तिनं पडदा सारला. तू मागच्या खुर्चीत कलंडलेला होतास आणि काका अजून पालथेच होते. जवळच्या दवाखान्यात नेलं तोवर सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक, म्हणाले.

तुला पोचवून घरी आल्यावर माझी पाठ अशी धरली की जणू मधली सगळी वर्षं कुणी पुसून टाकली. आणि तुझे भाऊजी, ज्यांनी तुझ्या कुत्र्याच्या गोष्टीवर मान डोलावली होती, एक दिवस म्हणाले, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ज्याला स्वतःच्या छातीतलं कळलं नाही, त्याच्या भरवशावर तू किती दिवस काढणार? ते वाईट मनानं बोलले नाहीत. तुझ्यासाठी रडलेत ते, न्हाणीत नळ सोडून. सर्जनकडे गेलो. माणूस सरळ होता. पायात ताकद आहे, घाई काही नाही, म्हणाले. ऑपरेशननं सगळं दुखणं जाईलच असं नाही, पण सहनच होत नसेल तर करू. ह्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. मीही तेवढंच ऐकलं, कारण ह्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं, पण ते मी गिळून बसले होते.

तू गेलास त्या दिवशी सकाळी तू मला फोन केला होतास. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डावा खांदा दुखून राह्यलाय, म्हणालास, काल एका जाड पेशंटला वळवलं, आखडला असेल, आणि हसलास. मी विचारलं, जुनं की नवं? तू म्हणालास, नवंच. मी म्हणाले, मग दाखव. तर म्हणालास, आता तू मला शिकवणार का? मग म्हणालास, अक्का, एक बोलायचं होतं. तेवढ्यात कुणीतरी जिना चढून आलं आणि तू म्हणालास, संध्याकाळी करतो.

हे मी का सांगावं? दुखण्याच्या डॉक्टरला स्वतःचं दुखणं ओळखता आलं नाही, हे मी जगाला का सांगत फिरावं? मी तोंड मिटून ठेवलं. दिवसभर ते आतल्या आत फिरायचं आणि संध्याकाळ झाली की कमर दगड व्हायची.

इथवर लिहून हे पत्र तसंच ठेवलं होतं, आणि काल रंगनाथकाका आले. रामराम घालावा की जयभीम, हे न ठरल्यानं नुसते हात जोडून दारात उभे राहिले, कमरेत वाकलेले, एक हात चौकटीला. रेखा माझ्या मदतीसाठी इथंच आलीये, ती आतून पाणी घेऊन आली आणि त्यांना ओळखून तिथंच थांबली. काका बसले नाहीत. त्यांनाही बसवत नव्हतं. आम्ही दोघं समोरासमोर उभे, आणि मधे तीन रिकाम्या खुर्च्या.

“बाई, डॉक्टर म्हणले पालथं व्हा, झालो. मंग पाय काही लागंना. म्हणलं, लागंल. मागं बघायचं न्हाई, हे मला तवापून ठावं. बाजाराला आल्तो तवा तुमच्याच अंगणात पडेल हाये मी, तुमच्या मायनं सांगेल हाये. मी पालथाच पडून राह्यलो, अन् मागं माणूस जाऊन राह्यल्ता.”

काका पुढं सांगत होते की तेव्हापासून कंबर सुटत नाही, झोप नाही, भाकरी जात नाही. अंबडला दाखवलं, जालन्याला दाखवलं, फोटोत काही निघत नाही. पोरगा म्हणतो, बाबा, तुमच्या मनाचं आहे. मग त्यांनी मला विचारलं, “मंग मी खोटं बोलून राह्यलो का, बाई?”

सिधू, हा माझा प्रश्न होता. माझ्याच तोंडातला, माझ्याच रागाचा. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या पाठीत काही मोडलेलं नव्हतं, हे मला लख्ख दिसत होतं, आणि त्यांना मरणाचं दुखत होतं, हेही तितकंच लख्ख दिसत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे तू मला इतकी वर्षं सांगत होतास आणि मला ते दुसऱ्याच्या पाठीवर दिसलं. आणि त्यांच्या पाठीवर जे ओझं होतं ते उतरवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, जी मी तुझ्या नावासाठी जपून ठेवली होती.

मी रेखाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलले नसते.

“काका, दुखणं तुमचं खरं आहे. पण ऐका. त्याला सकाळपासूनच दुखत होतं. मला फोनवर बोलला तो. मी दाखव म्हणाले, त्यानं ऐकलं नाही. तुम्ही वळला असता तर तो वाचला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण सकाळीच दाखवायचं होतं, ते त्यानं नाही केलं. ती चूक त्याची आहे, तुमची नाही.”

मग रेखा पाण्याचा तांब्या खाली ठेवून हळूच म्हणाली, “त्या सकाळी ते म्हणले, जळजळ होऊन राह्यली. मी जिऱ्याचं पाणी करून दिलं.” तीही तेवढेच दिवस ते पोटात घेऊन बसली होती. माझ्याच घरात, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत होती, आणि आम्ही दोघी तुझी अब्रू राखत एकमेकींपासून तोंड फिरवत होतो. मी तिला जवळ घेतलं. काका चौकट धरून रडले. म्हातारा माणूस आवाज न करता रडतो तेव्हा कुठं बघावं ते कळत नाही.

चहा झाल्यावर मी त्यांना तुझे चारही प्रश्न विचारले, लघवीचासुद्धा, आणि त्यांनी शाळेतल्या पोरासारखी खाली मान घालून उत्तरं दिली. मी म्हणाले, थोडं थोडं चाला, जुनंच दुखलं तर घाबरू नका, नवं काही झालं तर लगेच दाखवा, जल्दी करा. चमत्कार वगैरे काही झाला नाही. ते आले होते तसेच वाकून गेले. फक्त जाताना फाटकाशी थांबून त्यांनी मागं वळून आमच्याकडे बघितलं.

तुझे भाऊजी सगळा वेळ बॅगेजवळ उभे होते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. तू सांगितलेला नियम बरोबर होता. तू तो मोडलास. तू चुकलास म्हणून नियम चुकत नाही, उलट तुझ्या जाण्यानं तो माझ्या डोक्यात कायमचा ठोकला गेला, आणि असा ठोकला गेल्याबद्दल मला तुझा इतका राग येतो की ओरडावंसं वाटतं. एवढं शिकवून ठेवलंस आणि स्वतःच्या वेळेला जिऱ्याचं पाणी?

तुला काय बोलायचं होतं, ते मला कधीच कळणार नाही. कधी वाटतं, आईबद्दल बोलणार होतास. कधी वाटतं, भीती वाटून राह्यली एवढंच म्हणणार होतास. आपल्याला सोयीचं ते तुझ्या तोंडी घालावं, हा मोह फार होतो. घालणार नाही. तू जे बोलला नाहीस ते न बोललेलंच राहील.

आज सकाळी मी त्या दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. पाय लुळा पडला किंवा काही बधिर झालं, तर मी स्वतःच्या पायानं तिथं जाईन, हट्ट करणार नाही. ह्यांनी बॅगेतला टॉवेल काढून दोरीवर टाकला. पाठ दुखतेय, हे लिहितानाही दुखतेय. आईला उचलायला तू आला नाहीस, ते मी माफ केलेलं नाही, सिधू, आणि आता ते कुठं नेऊन ठेवायचं मला माहीत नाही. पण ते चकतीत नाही, हे मला कळलंय. सोमवारी मी शाळेत जाणार आहे, दुखत्या पाठीनं, तुझ्यावर चिडलेली.